ब्रेकसाठी मतदान : न्यूझीलंडची निवडणूक सुधारणा आणि १९९१चे अंदाजपत्रक

६ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूझीलंडच्या मतदाराला एकाच फेरीत दोन निर्णय द्यायचे होते. सरकार कोणाचे, हा एक. आणि सरकार निवडण्याची पद्धतच बदलायची का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर असे आले : उजव्या विचारांच्या नॅशनल पक्षाला ३५ टक्के मते आणि ९९ पैकी ५० जागा. कामगारांच्या लेबर पक्षाला ३४.७ टक्के मते, जागा ४५. अलायन्स या डाव्या आघाडीला १८ टक्के मते, जागा दोन. नुकत्याच निघालेल्या न्यूझीलंड फर्स्टला ८ टक्क्यांच्या वर मते, जागा पुन्हा दोनच. चारातल्या एकाहून जास्त मतदारांनी या दोन छोट्या पक्षांना कौल दिला आणि त्यांच्या पदरात सगळ्या मिळून चार खुर्च्या पडल्या. दुसऱ्या प्रश्नावर ५३.९ टक्के लोक म्हणाले, बदला.

ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की गोष्ट फार सोपी वाटते. गणित अन्यायाचे होते, लोकांच्या ते लक्षात आले, त्यांनी ते बदलले. पण हे गणित अन्यायाचे असण्याला तोवर कित्येक वर्षे लोटली होती आणि लोक ते निमूटपणे चालवून घेत होते. त्यांचा संयम सुटला तो बेकारभत्ता, म्हातारपणाची पेन्शन, सरकारी घराचे भाडे आणि इस्पितळाचे बिल यांवरून. निवडणूक पद्धत त्या रागाच्या तावडीत सापडली. मला या प्रकरणात रस आहे तो यासाठीच : सामाजिक धोरणावरचा राग निवडणूक कायद्यावर निघाला, तर पुढे त्या सामाजिक धोरणाचे काय होते?

एकच सभागृह, एकच गिअर

न्यूझीलंडची राज्यव्यवस्था दिसायला ब्रिटनसारखी, पण ब्रिटनपेक्षाही मोकाट होती. वरिष्ठ सभागृह १९५०मध्येच बरखास्त झाले होते. एकत्र लिहिलेली राज्यघटना नाही. राज्ये नाहीत, म्हणजे केंद्राला अडवणारा मुख्यमंत्री नाही. संसदेने केलेला कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. एका सभागृहात साधे बहुमत मिळाले, की मंत्रिमंडळ तीन वर्षे जे ठरवील ते होणार. आणि निवडणूक आपल्यासारखीच, मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते त्याची जागा, त्यामुळे ते बहुमत मिळायला निम्मी मते लागतच नव्हती. १९५१नंतर कोणत्याही पक्षाला निम्म्यावर मते मिळाली नव्हती, तरी प्रत्येक वेळी एकाच पक्षाचे सरकार येत होते.

१९७८मध्ये तर लेबरला ४०.४ टक्के आणि नॅशनलला ३९.८ टक्के मते पडली, तरी ९२ पैकी ५१ जागा घेऊन सरकार नॅशनलचेच आले. १९८१मध्ये पुन्हा तेच. लेबरला मते किंचित जास्त, सत्ता नॅशनलकडे. त्या निवडणुकीत सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला २०.७ टक्के मते आणि दोन जागा मिळाल्या. पाच मतदारांमागे एक मतदार, आणि त्याचा आवाज दोन खुर्च्यांपुरता. पंतप्रधान रॉबर्ट मल्डून अर्थखातेही स्वतःकडेच ठेवत. कोणी अडवायचे म्हटले तरी अडवण्याची जागाच नव्हती.

लेबर पक्षातले कायद्याचे प्राध्यापक जेफ्री पामर यांना हे खटकत होते. १९८४मध्ये लेबर सत्तेवर आल्यावर त्यांच्या आग्रहाने निवडणूक पद्धतीवर शाही आयोग नेमला गेला. १९८५मध्ये कामाला लागलेल्या त्या आयोगात एकही सक्रिय राजकारणी नव्हता. न्यायमूर्ती जॉन वॉलेस अध्यक्ष, त्यांच्यासोबत एक संख्याशास्त्रज्ञ, एक कायदेतज्ज्ञ, एक राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि एक माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी समाजातले) संशोधक. डिसेंबर १९८६मध्ये त्यांनी अहवाल दिला. जर्मनीसारखी मिश्र प्रमाणशीर पद्धत आणा, संसद १२० जणांची करा, आणि ४ टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा द्या, असे त्यांनी सुचवले. आयोग बहुधा एवढे परखड सुचवेल अशी अपेक्षा नेमणाऱ्यांनाही नसावी. दोन्ही मोठ्या पक्षांच्या बहुतेक खासदारांनी अहवाल हातात घेतला आणि कपाटात ठेवला.

तो कपाटातून बाहेर निघाला तो काहीशा योगायोगाने. १९८७च्या प्रचारात दूरचित्रवाणीवरच्या वादसभेत पंतप्रधान डेव्हिड लाँगी सार्वमताचे आश्वासन देऊन बसले. पुढ्यातली टिपणे चुकीची वाचली गेली, असे नंतर सांगितले जाऊ लागले. निवडून आल्यावर लेबरने सार्वमत काही घेतले नाही. मग १९९०मध्ये नॅशनलचे जिम बोल्जर यांनी लेबरच्या या वचनभंगावर तोंडसुख घेतले आणि आपण सार्वमत घेऊ असे जाहीर केले. बोल्जर स्वतः जुन्या पद्धतीचेच समर्थक होते. विरोधी पक्षात बसून दिलेला शब्द पुढे गळ्यात पडतो, याचे इतके चोख उदाहरण क्वचित सापडते.

डावे निवडले तरी तेच, उजवे निवडले तरी तेच

१९८४च्या लेबर सरकारने जे केले ते त्याच्या मतदारांनी कधी मागितले नव्हते. अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी शेतीची अनुदाने काढली, आयातीवरची बंधने सैल केली, १९८६मध्ये १० टक्के वस्तू व सेवा कर लावला. टपाल खात्याची बचत बँक, राष्ट्रीय विमान कंपनी, टेलिफोन कंपनी अशा सरकारी मालमत्ता एकापाठोपाठ एक विकल्या गेल्या. यातले काही बदल आवश्यकच होते, कारण मल्डून यांनी तिजोरीची वाट लावून ठेवली होती. पण कामगारांच्या पक्षाने कामगारांना न सांगता हे केले. खासदार जिम अँडर्टन १९८९मध्ये पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी न्यूलेबर पक्ष काढला.

१९९०मध्ये लोकांनी लेबरला झोडपून काढले. नॅशनलला ४७.८ टक्के मतांवर ९७ पैकी ६७ जागा मिळाल्या. प्रचारात शब्द होता 'सभ्य समाजा'चा. दोन महिने होतात न होतात तोच, डिसेंबर १९९०मध्ये, अर्थमंत्री रूथ रिचर्डसन आणि समाजकल्याण मंत्री जेनी शिपली यांनी भत्त्यांना कात्री लावल्याचे जाहीर केले. १ एप्रिल १९९१पासून ती लागू झाली.

ही कात्री एका घराच्या पातळीवर नेऊन पाहिली की तिची धार कळते. सरकारी घरात राहणारी, दोन मुलांची एकटी आई घ्या. तिचा भत्ता कमी झाला. प्रत्येक मुलामागे आईच्या नावावर दर आठवड्याला येणारा कुटुंबभत्ता, जो १९४६पासून श्रीमंत-गरीब सगळ्यांना मिळत होता, तो बंदच झाला. घराचे भाडे तोवर उत्पन्नाच्या प्रमाणात होते, ते टप्प्याटप्प्याने बाजारभावाला नेण्याचे रिचर्डसन यांच्या १९९१च्या अंदाजपत्रकात ठरले. इस्पितळात दाखल व्हायचे तर त्याचेही पैसे, हा प्रयोग लोकांनी इतका हाणून पाडला की निवडणुकीआधीच तो गुंडाळावा लागला. तिला नोकरी करायची म्हटले तर बेकारी ११ टक्क्यांच्या घरात पोचलेली. धर्मादाय अन्नपेढ्यांसमोर रांगा लागू लागल्या त्या या काळात. देशाला हे दृश्य नवे होते.

गरिबांवरच्या कपातीने सरकारे सहसा पडत नाहीत, हे कटू असले तरी खरे आहे. नॅशनलचे गणित बिघडले ते पेन्शनीवरून. ज्यांना पेन्शनीखेरीज उत्पन्न आहे अशा वृद्धांवर लेबरने १९८५मध्ये अधिभार लावला होता. तो काढून टाकू, असे आश्वासन नॅशनलने दिले आणि सत्तेत आल्यावर पाळले नाही. वर पेन्शनीचे वय ६० वरून पायरीपायरीने ६५ करायला १९९२पासून सुरुवात झाली. आता चिडलेला माणूस होता नॅशनलचा स्वतःचा मतदार : निवृत्त, घरदार असलेला, आयुष्यभर त्याच पक्षाला मत देणारा. मंत्री विन्स्टन पीटर्स यांनी आपल्याच सरकारवर जाहीर टीका सुरू केली. ऑक्टोबर १९९१मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून काढले, आणि १९९३मध्ये त्यांनी न्यूझीलंड फर्स्ट स्थापन केला.

डावीकडचा मतदार लेबरवर रुसलेला, उजवीकडचा नॅशनलवर. दोघांचाही अनुभव एकच, मत दिले एकाला आणि हाती आले भलतेच. सुधारणेची मागणी करणारे कार्यकर्ते दहा वर्षे टक्केवारीची कोष्टके घेऊन फिरत होते. लोकांना ती कळू लागली ती १९९१नंतर.

मागे फिरायला जागाच ठेवली नाही

१९ सप्टेंबर १९९२चे सार्वमत फक्त कल अजमावणारे होते. मतपत्रिकेचे दोन भाग होते. पहिल्यात विचारले होते, आहे ती पद्धत ठेवायची की बदलायची. दुसऱ्यात चार पर्याय. बदला म्हणणारे ८४.७ टक्के निघाले. पर्यायांत मिश्र प्रमाणशीर पद्धतीला ७०.५ टक्के मते पडली. चार पर्याय दिले की मते विखुरतील असा कोणाचा होरा असेल तर तो साफ चुकला. मतदान मात्र जेमतेम ५५ टक्के झाले होते, त्यामुळे बोलायला जागा होती.

त्यापुढची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची वाटते. १९९३च्या बंधनकारक सार्वमताआधीच संसदेने नवा निवडणूक कायदा संपूर्ण लिहून मंजूर केला आणि त्याला एकच अट घातली : सार्वमतात होकार आला तर हा कायदा लागू, नकार आला तर तो गेला. निकालानंतर समिती नाही, मसुदा नाही, 'योग्य वेळी विचार करू' नाही. मतदाराला आपण नेमके कशाला हो म्हणतोय ते कलमांसकट ठाऊक होते, आणि राजकारण्यांना पळवाट उरली नव्हती. कायदा लिहिताना त्यांनी आपले हात थोडे मारून घेतलेच. आयोगाची ४ टक्क्यांची अट ५ टक्के झाली. माओरींसाठी १८६७पासून असलेले वेगळे मतदारसंघ आयोगाला नव्या पद्धतीत नको होते, पण माओरी नेत्यांनी ते सोडायला नकार दिला आणि ते राहिले.

विरोधी प्रचाराची धुरा पीटर शर्टक्लिफ यांच्याकडे होती. ते खाजगी झालेल्या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष. जाहिरातींवर पैसा ओतला गेला, आणि शेवटच्या आठवड्यांत अंतर बरेच कमीही झाले. पण विकून टाकलेल्या सरकारी कंपनीचा प्रमुख जेव्हा 'ही पद्धत आणू नका' असे सांगतो, तेव्हा चिडलेल्या मतदाराला पुढचे ऐकायची गरज राहत नाही. सुमारे ८५ टक्के मतदान झाले आणि बदल मंजूर झाला.

दोन खुणा आणि एपसमचा चहा

नव्या पद्धतीत मतदार दोन खुणा करतो. एक पक्षाला, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला. संसदेत कोणाचे किती, हे पक्षाच्या मतावरून ठरते. मतदारसंघांतून जितके निवडून आले ते धरून उरलेल्या जागा पक्षाने आधी जाहीर केलेल्या यादीतून भरतात. यादीत जागा मिळवायला ५ टक्के मते हवीत, किंवा एक तरी मतदारसंघ जिंकलेला हवा.

हा 'किंवा' महागात पडला. २००८मध्ये न्यूझीलंड फर्स्टला ४.०७ टक्के मते मिळाली आणि एकही जागा मिळाली नाही. अ‍ॅक्ट या उजव्या पक्षाला त्याहून कमी, ३.६५ टक्के मिळाली आणि जागा पाच. कारण ऑकलंडमधला एपसम हा एक सधन मतदारसंघ रॉडनी हाइड यांनी जिंकला होता. जास्त मते शून्य जागा आणि कमी मते पाच जागा, म्हणजे ज्या रोगावर औषध आणले तोच रोग औषधाच्या बाटलीत.

एपसमचा मतदार हे पुरते ओळखून आहे. तो पक्षाचे मत नॅशनलला देतो आणि उमेदवाराचे अ‍ॅक्टला. नॅशनलही तिथे फारसा जोर लावत नाही. २०११च्या प्रचारात पंतप्रधान जॉन की आणि अ‍ॅक्टचे उमेदवार जॉन बँक्स यांनी तिथल्या एका कॅफेत कॅमेऱ्यांसमोर चहा घेतला. संदेश एवढाच, 'या माणसाला मत दिले तरी चालेल.' टेबलावर राहिलेल्या एका ध्वनिमुद्रकात त्यांचे बोलणे टिपले गेले आणि उरलेला प्रचार त्या चहाभोवतीच फिरला. त्याच निवडणुकीसोबत पद्धत ठेवायची का यावर पुन्हा सार्वमत झाले, आणि ५७.८ टक्के लोक म्हणाले, ठेवा. चहाचा राग त्यांनी पद्धतीवर काढला नाही.

२०१२मध्ये निवडणूक आयोगाने ही पळवाट बुजवा आणि अट ४ टक्के करा, असे सुचवले. पक्षांत एकमत नाही म्हणून सरकारने ते बाजूला ठेवले. २०२३च्या स्वतंत्र समितीनेही पळवाट काढून टाकायला आणि अट ३.५ टक्क्यांवर आणायला सांगितले. तेही पुढे सरकले नाही. पळवाट ज्यांच्या उपयोगाची आहे तेच ती बुजवणार असतील, तर दुसरे काय व्हायचे? आपल्याकडेही विधी आयोगाने १९९९च्या १७०व्या अहवालात लोकसभेच्या जागा २५ टक्क्यांनी वाढवून त्या पक्षांच्या याद्यांमधून भराव्यात असे सुचवले होते. २०१४मध्ये बहुजन समाज पक्षाला देशभरात ४ टक्क्यांवर मते आणि लोकसभेत शून्य जागा मिळाल्या, तेव्हा तो अहवाल कोणी धूळ झटकून काढल्याचे दिसले नाही.

पाठिंब्याचे मोल

नव्या पद्धतीची पहिली निवडणूक १२ ऑक्टोबर १९९६ला झाली. नॅशनल ४४, लेबर ३७, न्यूझीलंड फर्स्ट १७, अलायन्स १३, अ‍ॅक्ट ८, युनायटेड १. पाचही माओरी मतदारसंघ पीटर्स यांच्या पक्षाने जिंकले. संसदेचा चेहरा लगेच बदलला. स्त्रिया २१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेल्या, पॅन्सी वाँग या पहिल्या आशियाई सदस्य यादीतूनच आल्या. पुढे पुणे विद्यापीठात जैवरसायनशास्त्र शिकलेल्या परमजीत परमार २०१४मध्ये आत आल्या त्याही नॅशनलच्या यादीतूनच.

सरकार बनायला मात्र दोन महिने लागले. पीटर्स दोन्ही पक्षांशी एकाच वेळी वाटाघाटी करत राहिले, आणि ज्या नॅशनलवर टीका करून त्यांनी मते मागितली होती त्याच नॅशनलशी १० डिसेंबरला त्यांनी हातमिळवणी केली. त्यांना मत दिलेल्यांपैकी अनेकांच्या अंगाचा तिळपापड झाला. जुन्या पद्धतीचे भाट 'आम्ही सांगत होतोच' म्हणायला मोकळे झाले.

पण त्या करारातले तपशील पाहावेत. सहा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरची तपासणी मोफत : १९९७पासून लागू. वृद्धांच्या पेन्शनीवरचा अधिभार रद्द : एप्रिल १९९८पासून. जे आश्वासन नॅशनलने एकहाती बहुमत असताना मोडले, ते त्याला आघाडीत पाळावे लागले. पीटर्स यांची तिसरी अट होती सक्तीच्या निवृत्तिबचतीवर सार्वमत. सप्टेंबर १९९७मध्ये ते झाले आणि सुमारे ९२ टक्के लोकांनी ती योजना फेटाळली. बाब तिथेच संपली नाही. दहा वर्षांनी, जुलै २००७मध्ये, लेबरचे अर्थमंत्री मायकेल कलन यांनी किवीसेव्हर आणली. नव्या नोकरीला लागलेला माणूस आपोआप तिच्यात दाखल होतो, नको असेल तर ठरलेल्या मुदतीत बाहेर पडतो. सक्ती नाकारणाऱ्या लोकांनी हे मुकाट्याने स्वीकारले.

छोटे पक्ष ज्या मागण्या रेटतात त्या सहसा अशाच असतात, हाताला लागतील अशा, पुढच्या प्रचारात दाखवता येतील अशा. १९९९च्या लेबर-अलायन्स सरकारात अँडर्टन उपपंतप्रधान झाले आणि सरकारी बँकेचा हट्ट धरून बसले. कलन यांना ती कल्पना फारशी पटलेली नव्हती. २००२मध्ये किवीबँक टपाल कचेऱ्यांच्या काउंटरवर सुरू झालीच. ज्या टपाल बँकेची विक्री झाली होती, तिची जागा अशी भरून निघाली. त्याच वर्षी अलायन्सच्या मंत्री लैला हॅरे यांच्या पाठपुराव्याने १२ आठवड्यांची भरपगारी नव्हे, पण सरकारी भत्त्यासह बालसंगोपन रजा आली. पीटर्स यांनी २००५नंतर लेबरला पाठिंबा देताना ज्येष्ठांचे सोनेरी कार्ड मिळवले. ६५ वर्षांवरच्या माणसाने गर्दीची वेळ टाळून बसमध्ये चढायचे, कार्ड दाखवायचे, तिकीट नाही. अर्थशास्त्रज्ञ या कार्डावर नाक मुरडतात, कारण बंगल्यात राहणारा आजोबाही फुकट फिरतो. पण ते रद्द करायची हिंमत त्यानंतरच्या एकाही सरकारने केलेली नाही. लहान मुलांच्या मोफत तपासणीचेही तेच झाले. २०१५मध्ये नॅशनलने ती १३ वर्षांखालच्यांपर्यंत नेली, २०१८मध्ये पुढच्या सरकारने १४ वर्षांखालच्यांपर्यंत.

आयाराम-गयाराम तिकडेही निघाले. अलायन्सच्या यादीतून आलेल्या अलामेन कोपू यांनी १९९७मध्ये पक्ष सोडला आणि खुर्ची सोडली नाही. ऑगस्ट १९९८मध्ये वेलिंग्टन विमानतळाच्या समभागविक्रीवरून पीटर्स आघाडीतून बाहेर पडले, तेव्हा त्यांचेच काही सदस्य मागे राहून तोवर पंतप्रधान झालेल्या शिपली यांच्या पाठीशी उभे राहिले. कोपू यांचे मतही शिपलींच्याच पारड्यात पडले. २००१मध्ये पक्षांतरबंदी कायदा झाला, २००५मध्ये त्याची मुदत संपली, २०१८मध्ये पीटर्स यांच्या आग्रहाने तो पुन्हा आला. आपल्या दहाव्या परिशिष्टाचे जे काही झाले ते पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. लोकांचा वैतागही नोंदलेला आहे. १९९९मध्ये खासदारांची संख्या पुन्हा ९९ करा, या मागणीवरच्या सार्वमतात ८१ टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. ते बंधनकारक नव्हते, म्हणून संसदेने कानाडोळा केला.

ब्रेक कुठे लागला

आता मूळ प्रश्न. १९९१च्या कात्रीचे काय झाले?

काही भाग उलटवला गेला, आणि तो आघाडी सरकारनेच उलटवला. २०००मध्ये सरकारी घरांचे भाडे पुन्हा उत्पन्नाशी जोडले गेले, आणि १९९१चा रोजगार करार कायदा जाऊन कामगार संघटनांना पुन्हा जागा देणारा कायदा आला. पण भत्त्याची रक्कम? ती खाली आणली गेली तिथेच राहिली. लेबरच्या हेलन क्लार्क नऊ वर्षे पंतप्रधान होत्या. त्यांच्या सरकारने २००४च्या अंदाजपत्रकात कामकरी कुटुंबांसाठी मोठी करसवलत योजना आणली, पण तिचा एक महत्त्वाचा हिस्सा नोकरी असलेल्यांनाच मिळत असे. भत्त्यावर जगणाऱ्या घरातली मुले त्यातून वगळली गेली.

त्याचे कारण नव्या पद्धतीच्या घडणीतच आहे, असे माझे मत आहे. लोकांनी १९९३मध्ये जो ब्रेक मागितला तो त्यांना मिळाला. मात्र ब्रेक लागला तेव्हा गाडी जिथे पोचली होती तिथेच उभी राहिली. एकपक्षीय बहुमताने सात वर्षांत केलेले बदल आता उलटवायचे तर दोन-तीन पक्षांचा होकार लागणार होता. त्यात मधला पक्ष पेन्शनरांचा असेल तर पेन्शनरांचे भले होते. बेकारांचा आणि एकट्या आयांचा पक्ष मात्र कधी ५ टक्क्यांच्या वर मधोमध बसलेला नव्हता. अधिभार सात वर्षांत गेला, भत्त्याला तीस वर्षे लागली, यामागे एवढेच गणित आहे. असाच ब्रेक २०१९मध्येही लागला. भांडवली नफ्यावरच्या कराला न्यूझीलंड फर्स्ट तयार होईना, तेव्हा पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी तो विषय सोडून दिला.

भत्त्यात महागाईभरपाईपलीकडची वाढ आली ती कोणाकडून? नॅशनलकडून. अर्थमंत्री बिल इंग्लिश यांच्या २०१५च्या अंदाजपत्रकाने मुले असलेल्या कुटुंबांचा भत्ता एप्रिल २०१६पासून आठवड्याला २५ डॉलरने वाढवला. अशी वाढ १९७२नंतर पहिलीच होती. सरकारला पाठिंबा देणाऱ्या माओरी पक्षाने गरीब मुलांचा विषय लावून धरला होता. हे या पद्धतीचे सगळ्यात चांगले रूप म्हणता येईल. उजवे सरकार, छोट्या भागीदाराचा रेटा, आणि मूळ कपात करणाऱ्या पक्षाच्याच हातून तिची अंशतः भरपाई.

पण मोठी भरपाई वेगळ्याच वाटेने आली, आणि इथे सुधारणावाद्यांची पंचाईत होते. २०२०मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेनंतर, लेबरला निम्म्याहून किंचित जास्त मते आणि १२० पैकी ६५ जागा मिळाल्या. नव्या पद्धतीत एकाच पक्षाला बहुमत मिळाल्याचे हे एकमेव उदाहरण. मे २०२१मध्ये अर्थमंत्री ग्रँट रॉबर्टसन यांनी प्रौढ माणशी आठवड्याला ३२ ते ५५ डॉलरची वाढ जाहीर केली आणि तीस वर्षांपूर्वीच्या रिचर्डसन यांच्या अंदाजपत्रकाचा नाव घेऊन उल्लेख केला. एकहाती बहुमताने जे केले ते दुरुस्त करायलाही अखेर एकहाती बहुमतच लागले. फरक एवढाच की या बहुमतामागे निम्मे मतदार खरोखर उभे होते.

त्याआधी, २०१९च्या अंदाजपत्रकात, आर्डर्न यांच्या आघाडी सरकारने भत्त्यांची वार्षिक वाढ महागाईऐवजी सरासरी वेतनवाढीशी जोडली होती. एप्रिल २०२०पासून ती लागू झाली. दरवर्षीचा फरक काही डॉलरचा, पण दहा वर्षांत तो भत्त्यावरच्या आणि नोकरीतल्या घरांमधले अंतर ठरवतो. २०२३च्या निवडणुकीनंतर नॅशनल, अ‍ॅक्ट आणि न्यूझीलंड फर्स्ट यांचे सरकार आले. या बाबतीत तिघांत मतभेद नव्हता, त्यामुळे ब्रेक लागायचा प्रश्नच आला नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये कायदा बदलला, आणि १ एप्रिलपासून भत्ते पुन्हा महागाई निर्देशांकाला बांधले गेले.